स्वतःच्याच गाण्याची नक्कल: डेफ लेपर्ड, रेकॉर्ड कंपनी आणि अडवून धरलेले अल्बम

जून २०१२ मध्ये डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडनं आपलीच दोन जुनी गाणी नव्यानं रेकॉर्ड करून इंटरनेटवर विकायला ठेवली. मूळ रेकॉर्डिंग सुस्थितीत होती आणि लोकांना तीच हवी होती. तरीही बँडनं ती ऑनलाइन येऊ दिली नव्हती, आणि पुढे जानेवारी २०१८ पर्यंत येऊ दिली नाही. जुन्या रॉक बँडांचे अल्बम खपेनासे झाले त्या काळात या एका बँडनं काय ठरवलं, त्यात काय मिळालं आणि काय हातचं गेलं, याची ही नोंद.

बँड आणि त्याचे अल्बम जगजाहीर आहेत, त्यामुळे त्यांची नावं झाकण्यात अर्थ नाही. वाटाघाटीत भाग घेतलेल्या कंपनीच्या माणसांची नावं मात्र दिलेली नाहीत. बंद दाराआडचं जे इथे येतं, ते बँडनं उघडपणे सांगितलं तेवढंच. कंपनीची बाजू यात फारशी नाही, हे वाचताना ध्यानात ठेवावं.

पार्श्वभूमी

शेफील्ड हे पोलादाचं शहर. तिथल्या पोरांनी १९७७ मध्ये बँड काढला आणि १९७९ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला (ती पुढे युनिव्हर्सल या बड्या संगीत समूहात गेली). १९८३ चा ‘पायरोमेनिया’ आणि १९८७ चा ‘हिस्टेरिया’ हे दोन्ही अल्बम एकट्या अमेरिकेत प्रत्येकी एक कोटी किंवा त्याहून जास्त प्रतींवर गेले. असे दोन अल्बम नावावर असलेले रॉक बँड हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे आहेत.

‘हिस्टेरिया’ कसा घडला हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. ३१ डिसेंबर १९८४ ला मोटार अपघातात ड्रमर रिक ॲलनचा डावा हात गेला. बँडनं दुसरा ड्रमर घेतला नाही. ॲलननं इलेक्ट्रॉनिक ड्रम बनवून घेतले आणि डाव्या हाताचं काम पायातल्या पेडलवर घेतलं. निर्माता होता मट लँग. गिटारचा एखादा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका झटक्यात छेडण्याऐवजी तो एकेका तारेचा सूर वेगळा वाजवून घेई आणि मग ते सूर एकमेकांवर चढवी. कोरसमध्येही असेच आवाजांचे थरावर थर. वर्षं गेली आणि खर्च एवढा वाढला की लाखो प्रती खपल्याशिवाय तो भरून निघणार नव्हता. अमेरिकेत सुरुवातही मंद झाली. मग सगळ्यात शेवटी, घाईघाईत तयार झालेलं ‘पोअर सम शुगर ऑन मी’ तिथे उसळलं, आणि ऑगस्ट १९८७ मध्ये आलेला अल्बम जुलै १९८८ मध्ये तिथल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला.

त्याची कॅसेट मी कॉलेजात असताना काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतली. बासष्ट मिनिटांचा मजकूर, म्हणून फीत नेहमीपेक्षा लांब, आणि सगळी गाजलेली गाणी जवळजवळ ओळीनं ‘ए’ बाजूला. ती बाजू इतकी वाजली की ‘लव्ह बाइट्स’च्या सुरुवातीला आवाज आत ओढल्यासारखा यायचा. अजूनही ते गाणं कुठे स्वच्छ ऐकलं की त्या जागी माझा कान अडखळतो. रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. ही नोंद लिहिणारा माणूस तटस्थ नाही, हे सांगण्यासाठी एवढं लिहिलं.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि त्या एकाच वेळी आल्या. एक साऱ्या धंद्याची, दुसरी या बँडची खास.

साऱ्या धंद्याची अडचण अशी. अमेरिकेत २००० साली सुमारे ७८ कोटी अल्बम विकले गेले होते. २००८ मध्ये हा आकडा ४३ कोटींच्या आसपास आला. मधल्या काळात गाण्यांच्या फायलींची फुकट देवाणघेवाण सुरू झाली, २००३ मध्ये ॲपलचं आयट्यून्स हे गाण्यांच्या फायली विकणारं ऑनलाइन दुकान उघडलं आणि लोक अख्खा अल्बम घेण्याऐवजी एकेक गाणं घेऊ लागले. १९९२ मध्ये या बँडचा ‘ॲड्रेनलाइझ’ अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि पाच आठवडे तिथेच राहिला. २००८ चा ‘साँग्स फ्रॉम द स्पार्कल लाउंज’ पाचव्या क्रमांकावर आला, तो पहिल्या आठवड्यात फक्त ५५ हजारांच्या आसपास प्रती खपवून. नुसता क्रमांक पाहिला तर बँड अजून जोरात आहे असं वाटतं. खरं तर सगळी यादीच खाली बसली होती.

नव्या अल्बमवर पोट भरणार नाही, हे जुन्या बँडांना तेव्हाच कळलं होतं. आधार होता तो जुन्या अल्बमांचा, आणि नेमका तिथे दुसरा पेच पडला.

करार झाला तेव्हा फाइल विकणं ही कल्पनाच नव्हती. रेकॉर्ड छापायची, खोक्यात भरायची, ट्रकनं दुकानात पाठवायची, काही फुटणार, काही परत येणार. हा सगळा भार कंपनी उचलायची, म्हणून कलावंताच्या वाट्याला शेकडा दहा-वीसच्या आसपास रक्कम यायची. वेष्टनासाठी आणि फुटीसाठी वजावट हासुद्धा त्या काळच्या करारांतला नेहमीचा भाग. फाइल फुटत नाही आणि तिला खोकंही लागत नाही. तरी कंपन्यांचं म्हणणं, फाइल विकली म्हणजे विक्रीच, हिशोब जुन्याच दरानं. कलावंतांचं म्हणणं, तुम्ही काही विकतच नाही. तुम्ही आयट्यून्सला रेकॉर्डिंग वापरायचा परवाना देता, आणि परवान्याच्या पैशात आमचा वाटा निम्मा असतो.

हा वाद पुढे अमेरिकी न्यायालयात गेला. एमिनेम या रॅपरच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये हक्क असलेल्या एफबीटी प्रॉडक्शन्सनं युनिव्हर्सलच्या घरातल्या आफ्टरमाथ कंपनीवर दावा लावला. त्यांच्या करारात विक्रीवर १२ ते २० टक्के आणि परवान्यावर ५० टक्के अशी तरतूद होती. २०१० मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की तो परवानाच आहे. निकाल त्या करारापुरता होता, पण जुना करार असलेल्या प्रत्येकाचे कान टवकारले गेले.

डेफ लेपर्डच्या हातात मात्र एक हुकमाचं पान होतं, जे बहुतेकांकडे नसतं. गायक जो एलियटनं २०१२ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाला सांगितलं त्याप्रमाणे, त्यांच्या करारानुसार कंपनीला त्यांच्या संगीताचं काहीही करायचं असलं तरी बँडची संमती लागत होती. मूळ रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडे आणि कुलपाची किल्ली बँडकडे. दराबाबत जमेना, तेव्हा बँडनं कंपनीला पत्र धाडलं: काहीही मागा, उत्तर ‘नाही’ असेल, तेव्हा मागूच नका.

समोरचे पर्याय

सरळ मार्ग होता कंपनीचा दर मान्य करण्याचा. पैसा कमी, पण लगेच, आणि गाणी सगळीकडे. बहुतेक बँडांनी हेच केलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. बहुतेकांकडे ‘नाही’ म्हणायचा हक्कच नव्हता.

दुसरा मार्ग कोर्टाचा. वर्षानुवर्षं फी भरत राहायची, निकालाची खात्री नाही, आणि एफबीटीच्या निकालाचा आधार आपल्या करारातल्या शब्दांना लागू होईलच असं नाही. युनिव्हर्सलनं कलावंतांच्या सामूहिक दाव्यात पुढे २०१५ मध्ये ११५ लाख डॉलरची तडजोड केली. अनेकांत वाटली जाणारी ही रक्कम एका मोठ्या बँडला भुलवणारी नव्हती.

तिसरा, नुसतं अडवून बसायचं आणि दौऱ्यांवर जगायचं. एसी-डीसी नोव्हेंबर २०१२ पर्यंत आयट्यून्सवर नव्हते, बीटल्स २०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत स्ट्रीमिंगवर, म्हणजे फाइल विकत न घेता इंटरनेटवरून थेट ऐकण्याच्या सेवांवर, नव्हते. पण बीटल्स थांबू शकतात. ज्या बँडची ओळख अमेरिकेतल्या रेडिओवर आणि एमटीव्हीवर घडली, आणि त्या दोन्हींचा जोर ओसरला, त्यानं गप्प बसणं म्हणजे विसरलं जाणं.

चौथा मार्ग या प्रकरणाचा गाभा आहे. गाण्यात हक्क दोन असतात. शब्द आणि चाल ही रचना एक, त्या रचनेचं एखादं रेकॉर्डिंग हे दुसरं. कंपनीकडे होतं ते रेकॉर्डिंग. रचना लिहिणारे बँडवाले आणि लँग. तेच गाणं पुन्हा वाजवून नवं रेकॉर्डिंग केलं तर ते बँडच्या मालकीचं. करारात पुन्हा रेकॉर्ड करण्यावर बहुधा काही वर्षांची बंदी असते, पण १९८३ आणि १९८७ च्या गाण्यांना ती मुदत उलटून गेली असणारच. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून हाच मार्ग घेतला तेव्हा तो घराघरांत पोचला. हा बँड तिथे नऊ वर्षं आधी पोचला होता.

काय केलं

जून २०१२ मध्ये ‘रॉक ऑफ एजेस’ हा टॉम क्रूझचा चित्रपट यायचा होता. नावच या बँडच्या गाण्यावरून, आणि ‘पोअर सम शुगर ऑन मी’ त्यात क्रूझ स्वतः गातो. लोक चित्रपट पाहून बाहेर येणार आणि फोनवर मूळ गाणं शोधणार, तेव्हा तिथे काय असेल? बँडनं ठरवलं की आपण असायचं. याच महिन्यात ‘पोअर सम शुगर’ आणि ‘रॉक ऑफ एजेस’ची नवी रेकॉर्डिंग आली. पुढच्या वर्षी ‘हिस्टेरिया’ हे शीर्षकगीत. एलियटनं त्यांना उघडपणे बनावट प्रती म्हटलं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. ऐकणाऱ्याला फरक कळू नये हेच उद्दिष्ट होतं.

ते किती अवघड असेल याची कल्पना करा. विशीतल्या गळ्यातून निघालेली किंचाळी बावन्नाव्या वर्षी काढायची. तारेतारेनं चढवलेले गिटारचे थर तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांशिवाय उभे करायचे. मूळ गाणं एकेक सेकंद थांबवून ऐकायचं. लँगच्या हातानं झालेल्या ज्या बारीक गोष्टी बँडलाही आठवत नव्हत्या, त्या कानानं उकलायच्या. मी दोन्ही प्रती हेडफोन लावून पाठोपाठ ऐकल्या आहेत. ‘शुगर’ थक्क करते. पण कोरसच्या थरांत, आवाज वर चढतो त्या टोकाला, मूळ गाण्यात एक उतावळेपणा आहे, तो नव्यात नेमका बसवलेला वाटतो. पहिल्यात तो सुटला होता. ज्यानं मूळ गाणं शंभरदा ऐकलं आहे त्यालाच हे जाणवेल, आणि बँडचा ग्राहक नेमका तोच होता.

इथे पहिला कळीचा निर्णय दिसतो. तीन गाण्यांवर ते थांबले. अख्खा अल्बम पुन्हा करायचा तर वर्ष-दोन वर्षं त्यातच गेली असती. त्याऐवजी त्यांनी मैफिलींची रेकॉर्डिंग पुढे केली. २०११ चा ‘मिरर बॉल’ आधीच हाती होता, आणि अमेरिकेत त्याची सीडी फक्त वॉलमार्टच्या दुकानांत ठेवली होती. हीच वाट ईगल्स, जर्नी आणि एसी-डीसी यांनी आधी चोखाळली होती. मग २०१३ च्या वसंतात लास व्हेगासमध्ये ‘हिस्टेरिया’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायचे ११ प्रयोग झाले आणि त्याचंही रेकॉर्डिंग निघालं. म्हणजे कुलूप लावलेल्या अल्बमचं एक रूप लोकांपर्यंत पोचलं, कंपनीला हात न लावता.

दुसरा कळीचा निर्णय २०१५ चा. कंपनीशी करार संपला होता, नवा अल्बम कोणी मागत नव्हतं. एखादं-दोन गाणी करू म्हणून डब्लिनला एलियटच्या घरच्या स्टुडिओत जमले आणि १४ गाणी घेऊन बाहेर आले. अल्बमला नाव दिलं बँडचंच. आपल्याच लेबलवर, वितरणापुरती बाहेरची मदत घेऊन तो काढला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ३० हजारांच्या आसपास खप, क्रमांक दहावा. आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल, पण मालकी पूर्ण बँडची होती.

मधल्या काळात जमीन सरकली. स्पॉटिफाय ही स्ट्रीमिंग सेवा जुलै २०११ मध्ये अमेरिकेत आली. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत स्ट्रीमिंग मोजलं जाऊ लागलं, १५०० वेळा ऐकणं म्हणजे एक अल्बम. ज्या फाइल-विक्रीच्या दरावरून भांडण पेटलं, ती विक्रीच आता मागे पडू लागली. बँड आणि कंपनी अशा बाजारावरून भांडत होते जो दोघांच्या डोळ्यांदेखत आटत होता.

१९ जानेवारी २०१८ ला तडजोड झाल्याचं जाहीर झालं आणि सगळे जुने अल्बम स्ट्रीमिंगवर आणि डाउनलोडला एकाच दिवशी खुले झाले. दर काय ठरला हे दोघांनीही सांगितलं नाही.

काय निष्पन्न झालं

त्याच वर्षी बँडनं जर्नीसोबत उत्तर अमेरिकेचा मोठा दौरा केला. मार्च २०१९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला, चाहत्यांच्या मतदानात पहिला क्रमांक घेऊन. स्ट्रीमिंगमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. चाहते आधीचेच होते.

मे २०२२ मध्ये ‘डायमंड स्टार हेलोज’ आला. टाळेबंदीत आयर्लंड, इंग्लंड आणि अमेरिकेतून एकमेकांना फायली पाठवत केलेला हा अल्बम, आणि काढला कुणी? ज्या कंपनीशी इतकी वर्षं वाद चालला त्याच युनिव्हर्सलच्या घरानं. तीनच आठवड्यांत मॉटली क्रूसोबतचा स्टेडियम दौरा सुरू झाला. त्या दौऱ्याची १३ लाखांच्या आसपास तिकिटं विकली गेली, म्हणजे २०१५ च्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यातल्या खपाच्या चाळीसपटीहून जास्त माणसं स्टेडियममध्ये आली. अल्बम आता दौऱ्याचं निमित्त आहे. पूर्वी दौरा अल्बमचं निमित्त असायचा.

जुन्या गाण्यांची बाजू मात्र फिरली. कॅसेट घेताना मी एकदाच पैसे दिले, त्यानंतर ती हजारदा वाजवली तरी बँडला दमडी मिळाली नाही. स्ट्रीमिंगमध्ये दर वेळी अगदी थोडे पैसे जमतात, पण जमत राहतात. अमेरिकेत २०२२ मध्ये एकूण ऐकण्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा दीड वर्षापेक्षा जुन्या संगीताचा होता. ज्याच्याकडे ‘हिस्टेरिया’ आहे, त्याच्यासाठी ही पेन्शन आहे. ज्या बँडकडे असा एखादाही अल्बम नाही, त्याला यातून फारसं काही मिळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

‘नाही’ म्हणणं बरोबर होतं, हे माझं ठाम मत आहे. किल्ली हातात असताना ती जुन्या दरानं देऊन टाकली असती तर पुन्हा कधीच परत मिळाली नसती. नव्या रेकॉर्डिंगांनीही आपलं काम चोख केलं. त्यातून किती पैसा आला हा मुद्दा गौण आहे. तुमच्याशिवाय आमचं चालतं हे कंपनीला दिसलं, आणि वाटाघाटीत त्याला मोल असतं.

चुकलं असेल तर ते वेळेत. २०१२ मध्ये भांडण फाइल-विक्रीच्या दराचं होतं. दोन-तीन वर्षांत मैदान बदललं, तेव्हा जुना वाद बाजूला ठेवून फक्त स्ट्रीमिंगपुरता, मुदतीचा परवाना देता आला असता: दोन वर्षं, ठरावीक वाटा, पटलं नाही तर परत. कंपनीनं ते मानलं असतंच असं नाही. पण लेड झेपेलिन डिसेंबर २०१३ मध्ये आले, एसी-डीसी जून २०१५ मध्ये आले, आणि ऐशीच्या दशकातला रॉक शोधणाऱ्या नव्या पोरांच्या गाण्यांच्या याद्या त्याच वर्षांत बांधल्या गेल्या. त्या याद्यांमध्ये ‘पायरोमेनिया’ची जागा रिकामी राहिली. पैशाचं नुकसान पुढे भरून काढता येतं. पंधरा वर्षांच्या पोराच्या कानात त्या वर्षी जे पहिल्यांदा पडायचं राहून गेलं, ते पुढे पडेलच असं नाही.

नव्या रेकॉर्डिंगांबद्दल एक. मूळ गाण्याची हुबेहूब प्रत करण्याऐवजी त्यांनी बावन्नाव्या वर्षीचा आवाज तसाच ठेवून, वाद्यं मोकळी सोडून ती गाणी केली असती, तर ती आज आपल्या पायांवर उभी असती. २०१८ ला मूळ गाणी आली आणि नक्कल ऐकायचं कारण उरलं नाही. चित्रपटाच्या आठवड्यात शोधणाऱ्याला हुबेहूबच हवं होतं, हेही खरं. त्यामुळे २०१२ च्या जूनसाठी तो निर्णय योग्य, आणि नंतरच्या दहा वर्षांसाठी तोकडा.

आपल्याकडे योगायोगानं त्याच महिन्यात, २१ जून २०१२ ला, कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. गीतकार-संगीतकारानं रॉयल्टीतला वाटा सोडला असं करारात लिहून घेतलं तरी तो काढून घेता येत नाही आणि गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टी मागता येते, असं ती सांगते. रेकॉर्डिंगची मालकी मात्र अजूनही सहीवरच ठरते. पुण्या-मुंबईत आज कुणी बँड करारावर सही करत असेल तर त्यानं दोन कलमं बोट ठेवून वाचावीत: आमच्या संमतीशिवाय नव्या माध्यमात वापर होणार का, आणि तेच गाणं आम्ही पुन्हा कधी रेकॉर्ड करू शकतो. १९७९ मध्ये शेफील्डच्या पोरांच्या वतीनं कुणीतरी पहिलं कलम घालून ठेवलं किंवा नंतर घालून घेतलं, म्हणून इतक्या वर्षांनी त्यांना ते पत्र लिहिता आलं.

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्या आठवड्यात मी ‘लव्ह बाइट्स’ लावलं आणि तो आत ओढलेला आवाज कुठे येतो याची वाट पाहत राहिलो. सुरुवात स्वच्छ वाजली.